परत केलेले मोबाईल

ऑगस्ट २०२१. कोरोनाची दुसरी लाट ओसरत आली होती, मुलं अजून घरीच होती, आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयांसमोर अंगणवाडी सेविका जमायला लागल्या. प्रत्येकीच्या पिशवीत सरकारने दिलेला मोबाईल होता. सरकारकडून काही मिळावं म्हणून रांगेत उभं राहणं आपल्याकडे अंगवळणी पडलंय. या बायका मिळालेली वस्तू परत करायला आल्या होत्या. फोन टेबलावर ठेवायचा, पोच मागायची आणि घोषणा देत बाहेर पडायचं. पोच महत्त्वाची. सरकारी वस्तू गहाळ झाली की वसुली कुणाकडून होते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

वर्तमानपत्रांत ‘मोबाईल वापसी’च्या बातम्या आल्या. शहरी वाचकाला त्या जरा गमतीच्याच वाटल्या असतील. फुकट मिळालेला मोबाईल कुणी परत करतं का? ‘बायांना तंत्रज्ञान झेपत नाही’ हा शेरा तर तयारच होता. पण याच बायका स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲपचे गट चालवत होत्या, लेकरांचे ऑनलाइन वर्ग सांभाळत होत्या, वीजबिल भरत होत्या. त्यांचं भांडण मोबाईलशी नव्हतं. ते कुणाशी होतं, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

फिरत्या माणसावर नजर कशी ठेवायची, हा मालकांचा जुना प्रश्न आहे. कारखान्यातला कामगार मुकादमाच्या डोळ्यांसमोर असतो. रात्री आवाराला फेऱ्या मारणारा पहारेकरी, गावोगाव हिंडणारा टपालवाला, ट्रक घेऊन गेलेला ड्रायव्हर नजरेआड होतो आणि मालकाची झोप उडते. जर्मनीतल्या श्वेनिंगेन या घड्याळांच्या गावात योहानेस ब्यूर्क याने १८५५ मध्ये यावर एक तोडगा काढला. त्याचं घड्याळ पहारेकऱ्याने खांद्याला अडकवून फिरायचं. आवाराच्या प्रत्येक कोपऱ्यात साखळीने एकेक किल्ली बांधलेली. तिथे पोचलं की ती किल्ली घड्याळात घालून फिरवायची. आतल्या कागदावर खूण उमटते. कुठल्या कोपऱ्यात किती वाजता पोचला, कुठे डुलकी लागली, सगळं सकाळी मालकापुढे. घड्याळ उघडायची किल्ली मात्र मालकाकडे. रात्रभर ते वागवणाऱ्याला आत काय नोंदलं गेलं हे पाहायची सोय नव्हती. पुढच्या दीडशे वर्षांत यंत्रं कितीतरी बदलली, ही व्यवस्था तेवढी टिकली.

अमेरिकेतल्या यूपीएस या पार्सल कंपनीने तिचा कळस गाठला. १९०७ मध्ये सिएटलमध्ये निरोप्या पोरांची संस्था म्हणून सुरू झालेली ही कंपनी सेकंदांचा हिशेब ठेवण्यात पहिल्यापासून पटाईत. ड्रायव्हरने गाडीची किल्ली कोणत्या बोटात अडकवावी, आधी कोणता पाय पायरीवर ठेवावा, याचेही नियम. फेडएक्स या प्रतिस्पर्ध्याने १९८६ मध्ये आपल्या कुरिअरवाल्यांच्या हातात बारकोड वाचणारं ‘सुपरट्रॅकर’ दिलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला यूपीएसने ड्रायव्हरांना तपकिरी रंगाची इलेक्ट्रॉनिक पाटी दिली. तिचं नाव डायड. ग्राहकाने तिच्यावरच सही करायची, कागद बाद. पार्सल कुठे आहे हे ग्राहकाला कळावं, हा तिचा जाहीर उद्देश, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण पार्सल जिथे असतं तिथेच ड्रायव्हर असतो. पाटीच्या पुढच्या एका आवृत्तीत जीपीएस आलं, ट्रकमध्ये सेन्सर बसले. मागे घेताना गाडी किती सरकली, पट्टा लावला की नाही, थांब्यावर किती सेकंद गेले, सगळ्याचे तक्ते सकाळी सुपरवायझरच्या हातात पडू लागले.

तिथल्या ड्रायव्हरांनी पाट्या परत केल्या नाहीत. त्यांच्यामागे टीमस्टर्स ही तगडी युनियन होती. १९९७ च्या ऑगस्टमध्ये याच युनियनच्या सुमारे १ लाख ८५ हजार कामगारांनी पंधरा दिवस काम थांबवून कंपनीला नमवलं होतं. मुद्दा अर्धवेळ कामगारांचा आणि पेन्शनचा होता, पाटीचा नव्हता. पाटीचं भांडण करारात मिटलं. केवळ जीपीएसने दिलेल्या माहितीवरून, अप्रामाणिकपणाचा प्रकार नसेल तर, कुणालाही कामावरून काढता येणार नाही, असं कलम त्यांच्या करारात आहे. नजर राहिली, तिला मर्यादा आली. आणि नजर ठेवून घेण्याबद्दल भक्कम पगार, आरोग्य विमा, पेन्शन. सौदा कुणाला आवडो न आवडो, तो सौदा होता. दोन्ही बाजू एकमेकांना मालक आणि नोकर म्हणत होत्या.

महाराष्ट्रातही यंत्रं आली. एसटीच्या कंडक्टरच्या हातातला तिकिटांचा ट्रे गेला आणि तिकीट छापणारं मशीन आलं. तपासनीस गाडीत चढला की आता त्या मशीनचा आकडा आधी बघतो. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. देशातल्या इतरही शहरांत ती बांधली गेली. घड्याळातून साहेबाला आपलं बोलणं ऐकू जातं का, संडासला जाताना ते काढलं तर पगार कापतात का, असे प्रश्न कामगार एकमेकांना विचारत राहिले. त्यांची धास्ती खरी होती, कारण यंत्र काय काय टिपतं हे त्यांना नीट कुणी सांगितलंच नव्हतं. ब्यूर्कच्या घड्याळासारखंच.

मोबाईल परत करणाऱ्या सेविकांची गोष्ट या सगळ्यापेक्षा एका बाबतीत निराळी आहे. त्यांच्यावर नजर ठेवणारा मालक ‘मी मालकच नाही’ असं म्हणत होता.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. कल्पना साधी होती. गावातलीच एक बाई दिवसाचे चार तास देईल, सहा वर्षांच्या आतल्या मुलांना गोळा करेल, त्यांना खाऊ घालेल, गाणी शिकवेल, वजन करेल, लसीकरणाला नेईल; गरोदर आणि स्तनदा मातांची विचारपूस करेल. ही नोकरी नाही, समाजसेवा आहे. म्हणून पगार नाही, मानधन. सुरुवातीला मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना १५० रुपये, न झालेलीला १००, मदतनिसाला ३५. ‘मानसेवी’ हा शब्द तेव्हा कौतुकाने वापरला गेला असेल. पुढे तो कायद्याच्या कामी आला. कर्नाटक सरकार विरुद्ध अमीरबी या खटल्यात डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंगणवाडी सेविका सरकारी पदावर नाहीत. सरकारी कर्मचाऱ्याचे हक्क त्यांना लागू नाहीत.

काम मात्र वाढतच गेलं. बाई गावातली, सगळी घरं तिच्या पायाखालची, मग सर्वेक्षण तिला, पल्स पोलिओ तिला, निवडणुकीच्या याद्या तिला. आणि या सगळ्याची वही. २०१२ च्या सुमारास केंद्राने नोंदवह्यांची संख्या ठरवून दिली ती अकरा : कुटुंबाची माहिती, आहाराचा साठा, आहाराचं वाटप, शालापूर्व शिक्षण, गरोदरपण आणि प्रसूती, लसीकरण, जीवनसत्त्व अ, गृहभेटी, संदर्भ सेवा, वजन, आणि या सगळ्यांचा गोषवारा. दर महिन्याला त्यातून मासिक अहवाल काढून तो बीटच्या पर्यवेक्षिकेकडे द्यायचा. एकेका नावासमोर बारीक रकाने, डाव्या बाजूला मुलाचं नाव, आईचं नाव, वरच्या बाजूला तारखा. दुपारी मुलं गेली की मदतनीस भांडी घासते आणि सेविका पाटावर वह्या घेऊन बसते, हे चित्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात पाहायला मिळायचं. वाढीचा तक्ता त्यातल्या त्यात डोळ्यांना सुखावणारा. मुलींचा गुलाबी, मुलांचा निळा. आत हिरवा, पिवळा, नारिंगी पट्टा. वजनाचा ठिपका द्यायचा, मागच्या महिन्याच्या ठिपक्याला जोडायचा. रेघ आडवी झाली की पोर आजारी होतं किंवा घरात काहीतरी बिनसलेलं असतं. अनुभवी सेविकेला ते रेघेवरून कळायचं.

हे सगळं मोबाईलवर आणायची कल्पना वाईट नव्हती, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. जागतिक बँकेच्या साहाय्याने आठ राज्यांत पोषण-सुधारणेचा एक प्रकल्प आखला गेला. महाराष्ट्र त्यातलं एक. गेट्स फाउंडेशनच्या मदतीने ‘कॉमन ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर’ तयार झालं. सेविकांच्या तोंडी ते नुसतं ‘कॅस’. ८ मार्च २०१८ रोजी राजस्थानातल्या झुंझुनूत पंतप्रधानांनी राष्ट्रीय पोषण अभियान सुरू केलं. तीन वर्षांसाठी ९,०४६ कोटींची तरतूद, आणि मोबाईलवरून होणारी देखरेख हा त्याचा कणा. अकरापैकी दहा वह्या फोनमध्ये जाणार होत्या. साठ्याची वही तेवढी कागदावर. वजन टाकलं की ठिपका आपोआप. आज कुणाच्या घरी भेट द्यायची त्याची यादी फोनच देणार. रेंज नसली तरी नोंद होणार आणि रेंजमध्ये आल्यावर वर जाणार. हे सगळं मराठीतून करता येत होतं. काम नीट केलं तर सेविकेला महिना ५०० रुपये आणि मदतनिसाला २५० रुपये प्रोत्साहन भत्ता.

अंगणवाडी उघडली की फोनला सांगायचं. मुलं आली की हजेरी, जोडीला फोटो. गृहभेट झाली की तिची नोंद. हे आकडे पर्यवेक्षिकेच्या फोनवर, तिथून तालुका, जिल्हा, मुंबई आणि दिल्लीतल्या डॅशबोर्डवर. ‘रिअल टाइम’ हे शब्द त्या काळातल्या प्रत्येक सरकारी परिपत्रकात आणि भाषणात सापडतात. पूर्वी सेविकेची चूक पर्यवेक्षिकेच्या भेटीत उघडी पडायची, तीही एका वहीपुरती. आता साडेनऊपर्यंत न उघडलेली अंगणवाडी दिल्लीत बसलेल्या माणसाला दिसू शकत होती. ती का उघडली नाही, छप्पर गळत होतं की भाड्याच्या खोलीच्या मालकाने कुलूप लावलं होतं, हे सांगायला पडद्यावर रकाना नव्हता.

अभियान सुरू झालं त्याच महिन्यातली, मार्च २०१८ मधली, आणखी एक घटना. सप्टेंबर २०१७ मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनिसांनी मोठा संप केला होता आणि सेविकेचं मानधन पाच हजारांवरून साडेसहा हजारांवर आणलं होतं. आता राज्य सरकारने त्यांना अत्यावश्यक सेवा कायदा, म्हणजे मेस्मा, लावला. संप केलात तर गुन्हा. विधिमंडळात गदारोळ झाला, सत्तेत भागीदार असलेल्या शिवसेनेनेही विरोध केला आणि आदेशाला स्थगिती द्यावी लागली. पण सरकारच्या मनातली गुंतागुंत त्या आठवड्याभरात उघडी पडली ती पडलीच. ज्यांची सेवा इतकी अत्यावश्यक की ती थांबवणं गुन्हा, त्यांना नोकर म्हणायचं नाही. एकीकडे मेस्मा, दुसरीकडे हातात फोन, आणि मधे मानधन.

महाराष्ट्रात फोन वाटले गेले ते २०१९ च्या सुमारास. राज्यात तेव्हा सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या, मिनी अंगणवाड्यांसह. एवढ्या संख्येने खरेदी म्हटल्यावर दरावरून आरोप-प्रत्यारोप व्हायचे ते झाले. हाती आलेला फोन २ जीबी रॅमचा. त्या वर्षी बाजारात तो मध्यम-साधारण होता. दोन वर्षांनी म्हाताऱ्या बैलासारखा झाला, दोन पावलं टाकली की बसायचा. ॲप उघडलं की तापायचा, फोटो चढवताना अडकायचा. हमीची मुदत संपली आणि पडदा फुटला, बॅटरी गेली, चार्जिंगची पिन सैल झाली, की दुरुस्तीचे पैसे सेविकेनेच भरायचे. महिना आठ हजार हातात येणाऱ्या बाईला तीन हजारांची दुरुस्ती परवडत नाही. मग नवऱ्याचा किंवा मुलाचा फोन घ्यायचा, त्यावर नोंदी करायच्या, रिचार्ज आपला. कागदावर सरकारचं यंत्र आणि प्रत्यक्षात घरातल्या पोराचा ऑनलाइन वर्ग बुडवून चाललेलं सरकारचं काम.

कोरोनाने हे सगळं ताणून धरलं. अंगणवाड्या बंद, म्हणून आहाराची पाकिटं घरोघर पोचवायची. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ सुरू झालं. दारोदार जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजणाऱ्यांत आशाताईंबरोबर सेविकाही होत्या. लोक दार उघडायला घाबरत होते, बाई मास्क लावून उंबऱ्याबाहेर उभी. त्याच काळात कॅसची मुदत संपली आणि ते गुंडाळलं गेलं. १ मार्च २०२१ पासून नवं ॲप आलं : पोषण ट्रॅकर.

ट्रॅकर. माग काढणारा. कुणाचा माग, पोषणाचा की सेविकेचा, हे ज्याने त्याने ठरवावं.

कॅसमध्ये दोन वर्षं भरलेली माहिती नव्या ॲपात आपोआप आली नाही. गावातली सगळी नावं पुन्हा भरायची. आणि भरायची इंग्रजीत. इथे नवं ॲप अडकलं. आठवी-दहावी झालेली बाई तीस वर्षं मराठीत वह्या लिहीत आलेली. तिला आता ‘ज्ञानेश्वरी’ इंग्रजी अक्षरांत लिहायची आहे. डी घ्यायचा की जी? ‘वैष्णवी’च्या शेवटी आय की दोन ई? घरातल्यांना विचारावं तर एकेकाचं एकेक. आधार कार्डावर त्याच मुलीच्या आईचं नाव तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेलं, आणि जुळलं नाही तर नोंद अडलीच. मेळघाटात किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यांवर या अडचणीत रेंजची भर. फोन घेऊन टेकडीवर चढायचं, एखाद्या झाडाखाली दोन काड्या दिसल्या की थांबायचं, चक्र फिरत राहतं, पुन्हा खाली यायचं. आहार खाली वाटायचा आणि त्याची नोंद वर करायची.

याच सुमारास वरून ताकीद येऊ लागली. ट्रॅकरवर नोंदी नसतील तर प्रोत्साहन भत्ता नाही, मानधनही अडेल. प्रोत्साहनाचे पाचशे गेले तर गेले; मानधनाला हात लागल्यावर प्रकरण चिघळलं. काम केलंय, आहार वाटलाय, वही भरलीय, गावाने पाहिलंय. फोन ‘हो’ म्हणत नाही म्हणून पैसे नाहीत. यूपीएसचा ड्रायव्हर पाटीवरच्या आकड्याशी भांडायचा तेव्हा त्याच्या खिशात करार होता. सेविकेच्या खिशात काय होतं? नेमणुकीचा आदेश, त्यावर ‘मानसेवी’.

महाराष्ट्रातल्या सेविकांच्या संघटना अनेक, झेंडेही वेगवेगळे. एम. ए. पाटील, शुभा शमीम यांच्यासारखी मंडळी कित्येक वर्षं या बायकांमध्ये काम करत आलेली. एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या या संघटना कृती समितीच्या नावाखाली एकत्र आल्या. मागण्या दोन ओळींत मावतील एवढ्या होत्या : चांगला फोन द्या, ॲप मराठीत द्या. तोवर हा फोन तुमचा तुम्ही घ्या. संप नाही, काम बंद नाही. आहार वाटू, वजन करू, वहीत लिहू. तुमच्या यंत्रावर मात्र नाही.

मला यातली हुशारी फार आवडते. संप केला असता तर मुलं उपाशी राहिली म्हणून बोट सेविकांकडे गेलं असतं, आणि मेस्माची आठवण ताजी होती. फोन परत केल्यावर मुलांचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते डॅशबोर्डचं. अंगणवाडी भरत नसली, खिचडी शिजत नसली तरी शिधा घरी पोचत होता, आणि पडद्यावर महाराष्ट्र रिकामा दिसत होता. वही पुन्हा बाहेर निघाली, तिच्यावर कुणी हरकत घेऊ शकत नव्हतं, कारण वही हीच तर मूळ नोंद. काम आणि कामावरची नजर या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवणं कामगार चळवळीला फार क्वचित जमतं. इथे ते नुसतं टेबलावर फोन ठेवून जमलं.

कारवाईच्या धमक्या आल्या, नोटिसा निघाल्या. भाषेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. राज्य सरकार केंद्राकडे बोट दाखवत राहिलं, कारण ॲप दिल्लीचं आणि फोन राज्याचा. हा घोळ पुढची दोनेक वर्षं चालला. मधल्या काळात काही जिल्ह्यांत सेविका आपल्याच फोनवरून थोड्याफार नोंदी करत राहिल्या, काही ठिकाणी अजिबात नाही. यथावकाश ट्रॅकरमध्ये मराठीसह इतर भारतीय भाषा आल्या.

या भांडणाचा दुसरा धागा तोवर दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात पोचला होता. गुजरातमधल्या दाहोद जिल्ह्यातल्या निवृत्त सेविकांनी ग्रॅच्युइटी मागितली होती. मणिबेन मगनभाई भारिया विरुद्ध जिल्हा विकास अधिकारी या खटल्याचा निकाल २५ एप्रिल २०२२ रोजी लागला. न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या पीठाने सांगितलं की १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा सेविका आणि मदतनिसांना लागू होतो. सरकारचा जुना युक्तिवाद तोच होता : हे अर्धवेळ मानसेवी काम आहे, हे वेतन नव्हे. न्यायालयाने त्यांच्या कामांची यादी समोर ठेवली आणि इतक्या जबाबदाऱ्या पेलणाऱ्या बायकांचं काम अर्धवेळ म्हणता येणार नाही असं स्पष्ट केलं. मानधन हे त्या कायद्यापुरतं वेतनच ठरलं. न्यायालयाने या बायकांच्या सेवाशर्ती सुधारण्याकडे केंद्राने आणि राज्यांनी गांभीर्याने पाहावं, असंही नोंदवलं. निकालात मोबाईलचा प्रश्न नव्हता. पण वाचताना राहून राहून वाटतं की उघडण्याची वेळ, हजेरी, भेटींची संख्या एवढं सगळं मिनिटागणिक मोजणारं सरकार, मोजून झाल्यावर ‘ही आमची कर्मचारी नाही’ कसं म्हणू शकतं? एखाद्याच्या कामावर किती ताबा आहे, यावरून तर मालक कोण ते ठरतं; कामगार कायद्यातली ही फार जुनी कसोटी आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सेविका पुन्हा संपावर गेल्या. या वेळी मागण्यांच्या यादीत मानधन, पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि नवा मोबाईल एका दमात होते. मार्चच्या अर्थसंकल्पात सेविकेचं मानधन ८,३२५ वरून १०,००० झालं, मिनी अंगणवाडी सेविकेचं ५,९७५ वरून ७,२०० आणि मदतनिसाचं ४,४२५ वरून ५,५००. नव्या फोनचं आश्वासन मिळालं. ग्रॅच्युइटी आणि पेन्शन लटकलेली, म्हणून ४ डिसेंबर २०२३ ला पुन्हा संप. तो जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत, पन्नासहून जास्त दिवस चालला. कडाक्याच्या थंडीत बायका आझाद मैदानावर आणि जिल्हा परिषदांसमोर बसल्या. कामावरून कमी करण्याच्या नोटिसा याही वेळी आल्याच. ‘मानसेवी’ बाईला कमी करायला मात्र नोटीस लागते.

नवे फोन आले. त्यांची रॅम मोठी, पडदा मोठा, ॲप मराठीत. २०२१ च्या मागण्या जवळजवळ पदरात पडल्या म्हणायला हरकत नाही. पण ट्रॅकरही मधल्या काळात शिकत होता. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार घेताना लाभार्थीचा चेहरा ओळखणं सक्तीचं झालं. आधी आधारची ई-केवायसी, त्यासाठी मोबाईलवर ओटीपी. मग दर वाटपाला आईचा चेहरा कॅमेऱ्यासमोर. गावात आईच्या नावावर फोन नसतोच बहुधा. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, आणि नवरा ऊसतोडीला कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात. सेविका त्याला फोन लावते, तो फडात, उचलत नाही. उचललाच तर ओटीपीची वेळ संपलेली. पुन्हा पाठवायचा. सरकारी कामाच्या नावाने फोन करणाऱ्या अनोळखी माणसाला आकडे सांगू नका, असं टीव्हीवर ऐकलेला नवरा आधी खात्री करून घेतो. बाळंतपणानंतर चेहरा सुजलेली किंवा वाळलेली बाई आधारच्या जुन्या फोटोशी जुळत नाही. उजेडात या, डोळे मिचकवा, पदर मागे घ्या, असं सेविका सांगत राहते. पाकीट हातात तयार असतं.

जुळलं नाही तर काय करायचं? ज्या बाईला सेविका लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखते, जिच्या पहिल्या मुलाचं वजन तिनेच वहीत टिपलंय, तिला पाकीट द्यायचं की नाही? दिलं तर ट्रॅकरवर वाटप दिसत नाही आणि उद्या साठ्याचा हिशेब तिच्या अंगावर येतो. नाही दिलं तर शिव्या तिलाच, गावही तिचंच. संघटनांनी या सक्तीविरुद्ध निवेदनं द्यायला सुरुवात केली. साठ्याची वही अजूनही कागदाचीच आहे, आणि न जुळलेल्या चेहऱ्यांची नावं बऱ्याच सेविका तिच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवतात, मराठीत.